मोबदला

नोव्हेंबरमधली गोष्ट. रविवारची रात्र, साडेनऊ वाजून गेले असतील, मी ओटा पुसत होते आणि फोन सारखा टुणटुण करत होता म्हणून शेवटी बघितलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक पीडीएफ टाकलेली. वर 'सूची क्र. २', खाली तो चौदा ओळींचा तक्ता. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदी-विक्रीची सरकारी नोंद. आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्लॅटचा. काकूंनी घर विकलं हे सगळ्यांना माहीत होतं, टेम्पो येऊन सामान गेलं तेव्हा आम्हीच तर हात लावला होता, पण कितीला विकलं हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही तोंडावर विचारलं नव्हतं. आता ते समोर होतं. मी ओल्याच हाताने दोन बोटांनी ते मोठं केलं. दुसरी ओळ, मोबदला. मग पाचवी ओळ, क्षेत्रफळ, ते चौरस मीटरमध्ये असतं, म्हणून कॅल्क्युलेटर उघडला, गुणिले १०.७६४, मग भागाकार. पर स्क्वेअर फूट आकडा आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

तो खड्डा काकूंसाठी नव्हता. माझ्या घरासाठी होता.

आकडा मी इथे लिहीत नाही. तसाही तो गरजेपेक्षा जास्त लोकांनी पाहिलाय. पण आज तीन महिने झाले तरी ती रात्र डोक्यातून जात नाहीये, कारण भागाकार झाल्यावर मला जाणवलं की ही बाई माझ्या डोक्यावर पस्तीस वर्षं राहिली, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन ज्या जिन्याने खाली आली त्याच जिन्याने टेकत टेकत कायमची गेली, आणि ती गेल्यापासून मी तिला एक फोन केलेला नाही. बदलापूरला पोचल्या का, सामान लागलं का, झोप येते का नव्या घरात, काहीच विचारलं नाही. आणि तिच्या घराचा रेट काढायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, हातही पुसले नव्हते मी.

ग्रुपवर तोवर धो धो मेसेज. एवढ्यात कसं काय दिलं. दोन महिने थांबायला काय झालं होतं, विमानतळ तोंडावर आलाय. (२०२५ च्या ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालेलं, २५ डिसेंबरपासून विमानं उडणार हे जाहीर व्हायचंच होतं की झालं होतं, त्या दिवसांत आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता.) कुणी म्हणालं आता बँकेचा व्हॅल्युअर आला की हाच आकडा धरणार. कार्पेटने (भिंतींच्या आतली जागा) भागायचं की बिल्टअपने (भिंती धरून) यावर दोघांचं वाजलं. आणि एकाने लिहिलं, बाकीचे कॅशमध्ये घेतले असतील हो, कागदावर कमी दाखवलंय. त्याला सहा जणांनी अंगठा दिला. काकू हे वाचत नव्हत्या, ताबा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲडमिनने त्यांना ग्रुपमधून काढलं होतं, तसा नियमच आहे. पण मी वाचत होते. आणि मला माहीत होतं की त्यांनी एक रुपया कॅश घेतलेली नाही, कारण जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर श्वास घेत उभ्या असताना त्यांनी मला सांगितलं होतं, "मी सगळं चेकनेच घेणारे गं. पिशवी घेऊन मी कुठे ठेवू या वयात, आणि झोप कुठे लागणार मला." हे मी ग्रुपवर लिहायला हवं होतं. टाईप केलंही. मग पुसलं. का पुसलं, तर वाद नको. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही त्यांचा रागच आलेला होता.

आमची बिल्डिंग नवी मुंबईत नेरूळची, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) काळातली, चार मजली, लिफ्ट नाही. काकूंच्या दारापर्यंत एक्कावन्न पायऱ्या. हा आकडा त्यांनीच मोजलेला, काका २०१९ साली गेले त्यानंतरच्या वर्षात कधीतरी. गुडघे आधीपासूनच दुखायचे, पण काका होते तोवर भाजी, दूध, औषधं, सगळं तेच आणायचे. नंतर काकूंनी बाल्कनीतून बालदी सोडायला सुरुवात केली. निळी प्लास्टिकची छोटी बालदी, तिला नायलॉनची दोरी, दोरीला मध्ये एक गाठ, ती गाठ ग्रिलला लागली की समजायचं बालदी खाली टेकली. वरून हाक मारायच्या, भाजीवाला मेथी ठेवायचा, काकू ओढायच्या, मग हिशोब करून बालदीतूनच पैसे खाली, सुट्टे असतील तर रुमालात बांधून. कधी दुपारी मी ऑफिसला सुट्टी टाकून घरी असले की ती बालदी माझ्या खिडकीसमोरून हळूहळू खाली जाताना दिसायची, भिंतीला न लागता सरळ जावी म्हणून त्या हात लांब करून धरायच्या. एकदा मी मधेच हात घालून तिच्यात दोन चिकू ठेवले. वरून आवाज आला, "कोण गं ती मेली?" आणि हसू.

तर ही बाई पैशाच्या मागे लागून घर फुंकून टाकणारी बाई नव्हे, एवढंच मला म्हणायचंय.

आम्ही इथे आलो १९९० साली. मी तेव्हा अकरा वर्षांची. त्याआधी लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. बाबांना सिडकोचं अलॉटमेंट लेटर आलं तेव्हा चाळीत पेढे वाटले पण मागे लोक काय बोलायचे तेही आमच्या कानावर येत होतं, खाडीपलीकडे कोण जातं, काळ्या पाण्याची शिक्षाच ती. ते अगदीच खोटंही नव्हतं. लोकल मानखुर्दला संपायची, पुढे बसची रांग, बाबा रात्री नऊनंतर घरी यायचे आणि आई गॅलरीत उभी असायची. ९२ ला वाशीपर्यंत गाडी आली आणि पुढच्या वर्षी ती नेरूळवरून बेलापूरला गेली, तोवरची ती दोन-तीन वर्षं आईच्या तोंडून "आपण चुकलो का हो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. रात्री खाडीच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू यायची. पावसाळ्यात बिल्डिंगसमोरचा रस्ता दिसेनासा व्हायचा. नळाला पाणी यायचं तेव्हा वरच्या काकू जिन्यात येऊन ताट वाजवायच्या, आलंय आलंय, म्हणजे सगळ्यांनी भरून घ्यावं. त्या काळात घरी कुणी पाहुणा आला की पाणी येतं का, गाडी कधी येणार, शाळा कुठे, हेच विचारायचा. कितीला घेतलं हे विचारलं तरी पुढचा प्रश्न आता किती आलाय असा नसायचा. कारण आता काही आलेलंच नव्हतं. विकणार कोणाला? कोण येणार होतं इथे?

आता कुणीही आलं की चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारतं, इकडे काय रेट चाललाय. आणि आम्हीही सांगतो. आमच्या मजल्यावर शाळेत जाणाऱ्या पोरांनासुद्धा माहितीये की स्टेशनच्या पश्चिमेला काय आणि पूर्वेला काय, पाम बीचला लागून काय आणि आतल्या सेक्टरला काय. मागे एकदा माझ्या मुलीने विचारलं, आई आपण श्रीमंत आहोत का? मी म्हटलं का गं, तर म्हणे मैत्रीण म्हणाली तुमचं घर एवढ्याचं आहे. मी तिला काय सांगणार की बाई गं, त्या एवढ्यातला एक रुपया कधी आपल्या हातात येत नाही जोवर आपण त्याच घरात झोपतो. महिन्याअखेरीला मी अजूनही दूधवाल्याला चार दिवस थांब म्हणते.

हे रेट वाढतात कसे ते मी गेल्या तीस वर्षांत डोळ्याने बघितलंय. गाडी आली की एक उडी. २००४ ला ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही नावं अचानक लोकांच्या तोंडात आली, जिथे केमिकलचा वास यायचा म्हणून आम्ही बसच्या खिडक्या लावून घ्यायचो तिथेच पुढे काचेच्या आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत काम करणाऱ्या पोरांना भाड्याने घरं हवी झाली. पण सगळ्यात जास्त वर्षं कशावर रेट चालले असतील तर विमानतळावर. कल्पना निघाली ९७ साली. केंद्राची मंजुरी २००७. पायाभरणी २०१८. प्रत्येक बातमीला उलवे हललं, पनवेल हललं, द्रोणागिरी हललं. २००८ च्या सुमारास बाबा मला उलव्याला एक घर दाखवायला घेऊन गेले होते, पावसाचे दिवस, रिक्षावाल्याने पुढे येत नाही म्हणून मध्येच उतरवलं, आम्ही चिखलातून चालत गेलो, एजंटने एका अर्धवट पिलरकडे हात करून सांगितलं की हा तुमचा हॉल. बाबा बराच वेळ त्या पिलरकडे बघत उभे राहिले. येताना म्हणाले, नको, पाच वर्षं काही होत नाही इथे. पाच नाही, १७ लागली. मधल्या काळात किती जणांनी तिथे घर घेऊन कुलूप लावून ठेवलं, हप्ते भरले, भाडेकरू मिळेना, शेवटी कंटाळून विकलं, आणि ज्यांनी विकलं त्यांच्यानंतर २०१८ ला खारकोपरपर्यंत गाडी आली, जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही गेली. ज्याच्याकडे थांबायची ताकद होती त्याला मिळालं. बाबा काही ते बघायला राहिले नाहीत.

माझी बहीण ठाण्याला, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे. तिने घर घेतलं २०२० च्या डिसेंबरात, स्टॅम्प ड्युटी पाचाची दोन टक्के केली होती सरकारने, ३१ तारखेपर्यंतच, आणि होम लोनही तेव्हा सात टक्क्यांच्या खाली आलेलं. रजिस्ट्रेशनला मी तिच्याबरोबर गेले होते, तोंडाला मास्क, ऑफिसच्या बाहेर जिन्यापर्यंत रांग, टोकन घेतलेली माणसं रस्त्यावर गाडीच्या बॉनेटवर फाईल ठेवून सह्या करत होती. एकट्या मुंबई शहरात त्या महिन्यात साडेएकोणीस हजारांवर दस्त नोंदले गेले म्हणे, मला तरी त्यात नवल वाटलं नाही, मी त्या रांगेत पाच तास उभी होते. बहिणीच्या ब्रोशरमध्ये गच्चीवरून डोंगर दिसत होता आणि मेट्रो स्टेशन हाकेच्या अंतरावर. डोंगर खरंच दिसतो, येऊरचा, पावसाळ्यात तर डोळे निवतात. मेट्रोचे खांब तिने पाच वर्षं बघितले, २०२५ च्या सप्टेंबरात गायमुखच्या बाजूला चाचणीची गाडी धावली तेव्हा तिने मला व्हिडिओ कॉल करून दाखवली, रडायचीच बाकी होती. मधल्या पाच वर्षांत पाण्याचे टँकर आणि रात्री कंटेनरच्या रांगेत अडकलेली मुलाची स्कूलबस. तरी तिला विचारलं तर ती आधी सांगते, ताई, आमचा रेट कुठच्या कुठे गेला. तिचंही चुकत नाही. एवढं सोसल्यावर माणसाला सांगायला काहीतरी हवं असतं ना.

२०२५ च्या एप्रिलमध्ये रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, वाढला, नवी मुंबईला पावणेसात टक्के, ठाण्याला त्याहून जास्त, ७.७२. राज्याची सरासरी मात्र चारच्याही आत. म्हणजे आमची ही खाडीच्या दोन्ही काठांची पट्टी कशी तापलीये ते सरकारच्याच कागदात दिसतं. सिडकोनेही २०२४ ला २६ हजार घरांची योजना काढली. त्यात तळोज्याचं छोटं घर २५ लाखांच्या आसपास आणि वाशीला ट्रक टर्मिनलपाशी ७४ च्या घरात, हे दर आले तेव्हा आमच्या ऑफिसातल्या शिपाईदादांनी फॉर्म भरलेला होता, त्यांनी मला मोबाईल दाखवला आणि काहीच बोलले नाहीत. ज्या सिडकोने माझ्या बाबांना गिरणीच्या सावलीतून उचलून इथे हप्त्यावर घर दिलं त्याच सिडकोचा तो कागद होता. दादा आता नेरळहून येतात, पावणेसहाची गाडी पकडतात. घर शोधत शोधत माणूस रुळाच्या कडेकडेने बाहेर सरकत जातो, आम्ही लालबागहून नेरूळला आलो, दादा नेरळला गेले, काकू बदलापूरला.

आणि आमच्याही आधी इथे माणसं होतीच. आमच्याकडे करावे गावातून मासळी घेऊन एक मावशी येतात, बोंबील छान असतात त्यांच्याकडे. एकदा दारात बसून त्यांनी विषय निघाला म्हणून सांगितलं, "तुमची ही बिल्डिंग हाय ना, हितंच पलीकडं आमची भातं व्हती." सिडकोसाठी जमिनी घेतल्या त्याविरुद्ध १९८४ ला जासईला आंदोलन झालं, त्यात त्यांचे सासरे होते. जानेवारीतले ते दोन दिवस, गोळीबार, पाच शेतकरी गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील आणि त्या माणसांच्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा प्लॉट परत, आज त्याच प्लॉटांवर अर्ध्या नवी मुंबईचे टॉवर उभे आहेत. मावशींच्या वाट्याचा प्लॉट पाच भावांत वाटला गेला आणि मग विकला. विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून त्यांच्या घरची सगळी मोर्चाला गेली होती. त्या म्हणाल्या, "नाव तरी ऱ्हावं." पाटीवर एक पापलेट उलटं करून त्यावर पाणी मारत म्हणाल्या. आपल्या जमिनीला रेट मिळावा म्हणून रक्त सांडलेली माणसं ही, आणि आम्ही ग्रुपवर एका म्हातारीने थोडं कमी घेतलं म्हणून तिला बोलत होतो.

पण हे लिहिताना मला ग्रुपवरच्या लोकांवर अन्यायही करायचा नाहीये. त्या पीडीएफच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मला फोन केला. २०२३ ला घर घेतलंय त्याने, व्याजदर चढलेले असताना, वीस वर्षांचं लोन, आता बायकोच्या आईच्या ऑपरेशनसाठी टॉपअप लोन काढत होता. म्हणाला, "ताई, बँकेवाला सोसायटीतले शेवटचे दोन-तीन व्यवहार बघतो. माझा सगळा हिशोब त्याच्यावर आहे. मी काकूंना वाईट बोललो नाही हो, पण मला सांगा, मी कुणाला बोलू?" त्याचा आवाज कापत होता. मी त्याला काय सांगू शकले असते? चौथ्या मजल्यावरच्यांनी मुलाला बाहेर शिकायला पाठवलंय, तेही या घरावरच कर्ज काढून. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतो आम्ही, पूर्वी पाण्याची टाकी आणि गॅसचा सिलिंडर एकमेकांच्या गळ्यात होते, आता एकमेकांचे आकडे आहेत. एकाच्या गुडघ्यांनी दुसऱ्याच्या सासूचं ऑपरेशन अडू शकतं. ही रचना कुणी केली मला माहीत नाही, पण ती रात्रभर जागं ठेवते.

काकूंना सगळ्यांनी समजावलं होतं की थांबा, पुनर्विकास येतोय. त्याच्या मीटिंगा आमच्याकडे दोन वर्षं चालल्यात. गच्चीवर संध्याकाळी खुर्च्या मांडायच्या, बिल्डरची माणसं प्रेझेंटेशन दाखवणार, एक्कावन्न टक्के लोकांची संमती झाली की पुढे सरकायचं, प्रत्येकाला किती जास्त कार्पेट, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) किती, भाडं किती, पार्किंग, आणि लिफ्ट. दोन लिफ्ट. गेल्या मे महिन्यातल्या मीटिंगला काकू दोन मजले चढून गच्चीवर आल्या होत्या, हातात पंखा म्हणून लग्नपत्रिका. सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, किती वर्षं? तो मुलगा म्हणाला, परमिशन मिळाल्यापासून तीन, फार तर साडेतीन. काकू म्हणाल्या, "मी अठ्ठ्याहत्तरची. मला लिफ्ट आत्ता हवी." लोक हसले. काकू हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, तेवढी वर्षं भाड्याच्या घरात, तिथून मला नेलंत तर लोक कुठल्या दारातून नेणार? कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी विषय बदलून पार्किंगवर आणला. आणि ऑक्टोबरात त्यांनी पहिलं जे बऱ्यापैकी गिऱ्हाईक आलं त्याला घर दिलं, पूर्ण पैसे चेकने, सहा आठवड्यांत ताबा. त्यांना दुसरा कुठलाही हिशोब करायचाच नव्हता. त्यांच्याकडे विकायला घर होतं आणि विकत घ्यायची होती लिफ्ट.

तो इंडेक्स टू मी फोनमधून डिलीट केलेला नाही, परवा पुन्हा उघडून बघितला. चौदावी ओळ असते 'शेरा'. ती कोरी आहे.

जानेवारीत एका रविवारी मी बदलापूरला गेले. आधी फोन केला तेव्हा मला वाटलं काकू रागावतील इतक्या दिवसांनी आठवण झाली म्हणून, तर त्या म्हणाल्या येताना नेरूळच्या मावशीकडचे बोंबील आण, इकडे चव नाही त्याला. ठाण्याला गाडी बदलून, डब्यात थर्मासमध्ये बर्फ घालून मी ते बोंबील नेले. स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटं, नवीन कॉम्प्लेक्स, सात मजले, खाली अजून सिमेंटची पोती आणि अर्धे फ्लॅट रिकामे, खिडक्यांना निळी फिल्म तशीच. काकू गेटवर उभ्या होत्या. गेटवर! नेरूळला मी त्यांना बिल्डिंगच्या खाली शेवटचं कधी बघितलं होतं ते मला आठवेना. पायात चपला, हातात भाजीची पिशवी, म्हणाल्या चल, आधी तुला एक दाखवते.

लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यांनी चौथा मजला सोडून सातचं बटण दाबलं. बटण दाबताना अंगठा वापरतात त्या, नीट, जोर लावून, दिवा लागेपर्यंत. वर गच्चीचं दार ढकललं तर समोर चंदेरीचा तो सुळका, दुपारच्या उन्हात राखाडी. त्या म्हणाल्या, रोज येते मी. सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या वेळी एकदा. पहिल्या आठवड्यात तर उगाचच वर-खाली करायचे, वॉचमन विचारायचा आजी काय हरवलंय का. मग घर दाखवलं. एक खोली, किचन, गॅलरी. गॅलरीत कोपऱ्यात ती निळी बालदी, दोरी गुंडाळून आत ठेवलेली, तिच्यात कांदे. उरलेले पैसे बँकेत टाकलेत, त्याच्या व्याजावर चालतं, मुलगी अंबरनाथला आहे ती दर गुरुवारी येते. रात्री फार शांत वाटतं, म्हणाल्या, आपल्याकडे कसं, वरून कुणीतरी खुर्ची ओढायचं, खालून तुझा कुकर वाजायचा. इथे शेजारचं घर कुणीतरी घेऊन ठेवलंय, राहायला कोणी नाही. दार उघडं ठेवून बसते मी पण जिन्यातून कोणी जातच नाही, सगळे लिफ्टने.

बोंबील तळून आम्ही जेवलो. त्या वाढत असताना मी पाच-सहा वेळा बोलायचं ठरवलं, ग्रुपवर काय झालं आणि मी गप्प बसले ते. शब्द तोंडात येत होते आणि घासाबरोबर परत जात होते. निघताना चपला घालत होते तेव्हा काकूच म्हणाल्या, पाठमोऱ्या, ओटा पुसता पुसता.

"माझ्यामुळे तुमचा रेट पडला म्हणे."

कुणी सांगितलं त्यांना ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, नाही काकू. पहिल्या मजल्याचं गेलं ना आता जानेवारीत, चांगलं गेलं, तुमच्यापेक्षा वर गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं लोनपण झालं. हे खरं होतं. आणि हे खरं होतं म्हणून मला ते इतक्या पटकन बोलता आलं हेही मला कळत होतं. नसतं गेलं तर मी काय म्हणाले असते? मग मी म्हटलं, काकू, त्या दिवशी मी तिथे काहीतरी लिहायला हवं होतं. तुम्ही कॅश घेतली नाही हे मला माहीत होतं. मी नाही लिहिलं.

त्यांनी फडकं पिळून नळावर टाकलं. हात पदराला पुसले. म्हणाल्या, "सासूबाईंचं ऑपरेशन झालं का त्याच्या?" मी म्हटलं झालं, घरी आणलंय. "मग बरं झालं," म्हणाल्या, आणि कपाटातून एक डबा काढून माझ्या पिशवीत ठेवला, उघडून बघू नकोस, तिकडे गेल्यावर बघ.

मला सोडायला लिफ्टपर्यंत आल्या. मी म्हटलं खालपर्यंत चला ना. नको, म्हणाल्या, तू जा, मी इथूनच बघते. दार मिटत आलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मान वर करून दारावरच्या लाल आकड्याकडे बघत होत्या, चारचा तीन होतो का ते.

डब्यात डिंकाचे लाडू होते.